तळहाताएवढी जागा

चिंचेच्या बरणीमागे हात गेला आणि बोटं भिंतीला लागली. वेदवतीनं बरणी पुढे ओढली, मिठाचं भांडं बाजूला केलं, फळीच्या कोपऱ्यापर्यंत हात फिरवला. ते ठोकळ्याएवढं राखाडी यंत्र तिथं नव्हतं. दुपारचा एक वाजून गेला होता, मागच्या अंगणात विहिरीजवळ ऊन हवं तसं येऊन बसलं होतं, आणि आदल्याच दिवशी धाकटा दीर गुरुराज बायकामुलीला घेऊन सिंगापूरला परत गेला होता. आठवडाभर घरात पाच माणसांचा स्वयंपाक, पाच माणसांचे कपडे, आल्यागेल्याची कॉफी. आठवडाभर ती या दुपारची वाट पाहत होती. पाटावर नवरा जेवत होता. स्वयंपाकघराच्या दारातून तिनं घरच्या तंजावरी मराठीत पुसलं, "इथलं माझं खेळाचं कुठं ठेवलंत?" वरदराजानं सारभात कालवता कालवता वर पाहिलं. "ते? ते दिलं की गुरूच्या पोरीस. विमानात कंटाळा येतो म्हणत होती, आत घालायचे दुसरे खेळ आहेत तिच्यापाशी. तुज मोठं आणून दिलंय ना त्यानं." आणि मग, अगदी सहज, "जरा सार वाढ." तिनं सार वाढलं. थेंब बाहेर सांडला नाही. पण कानामागून मानेपर्यंत काहीतरी तापत गेलं, आणि तिला वाटलं, आता हे भांडं मी याच्या पानात उपडं करणार. केलं नाही. भांडं चुलीपाशी नेऊन ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं.

एवढंसं खेळणं. चाळीस वर्षांच्या बाईनं, लेक तिरुचीला कॉलेजात शिकत असलेल्या बाईनं, एका लहान पोरीनं नेलेल्या खेळण्यावरून चिडायचं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लाज वाटावी याचा आणखी राग आला. कारण ते खेळणं होतंच कुठं? तीन वर्षांपूर्वी गुरुराज आला होता तेव्हा जाताना ते विसरून गेला होता. मागचं झाकण तुटलेलं, पेन्सिल-सेल पडू नयेत म्हणून रबर लावलेलं, वर एकच खेळ बसवलेला. त्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. वेंकटलक्ष्मीअम्मा, बोलणं गेलेलं, डावं अंग गेलेलं, फक्त डोळे जागे. वेदवतीनं त्याच वर्षी शाळेतली नोकरी सोडली होती. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. सोडली, म्हणजे सगळ्यांनी मिळून किती गोड बोलून सोडवली. "आता घरची मालकीण तूच," वरदराज म्हणाला होता, "शाळेत तू शंभरांतली एक. इथं सगळं तुझंच." सगळं म्हणजे चादरी, बेडपॅन, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि दुपारी एक ते तीन सासूबाई झोपायच्या ती वेळ. त्या वेळेत झोपायचंही नसे, कारण झोप लागली आणि हाक ऐकू आली नाही तर? हाक तर त्या मारूच शकत नव्हत्या. घशातून एक घरघर यायची तीच हाक. तेव्हा ती जागी राहून, दाराच्या उंबऱ्यावर, ऊन पडेल अशा जागी बसायची आणि ते यंत्र तळहातात घ्यायची.

त्याला स्वतःचा उजेड नव्हता. शेवाळी काचेवर काळसर ठिपके, आणि ते दिसायला बाहेरचं ऊन लागायचं. नेमक्या तिरकस कोनात धरलं तरच चित्र उमटायचं आणि ते धरणाऱ्यालाच दिसायचं, शेजारी बसलेल्याला नुसती चकाकी. बाजूचं चाक फिरवून आवाज पूर्ण बंद. खेळ असा होता की जमिनीखाली बुडालेल्या एका गावात एक माणूस कंदील घेऊन उतरतो. खोलीमागून खोली, शिडीमागून शिडी. किल्ल्या शोधायच्या, पाणी चुकवायचं, खाली खाली जायचं. तो माणूस जेमतेम नखाएवढा होता, चार ठिपक्यांचं तोंड, मानेमागे एक गोल गाठ. ती गाठ वेदवतीला पहिल्याच दिवशी अंबाडा वाटली, आणि तेव्हापासून ती बाईच होती. तिचं नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की कुणीतरी तिला हाक मारणार. ती कंदील घेऊन उतरायची, आणि वरच्या घरात कुकर, औषधं, तारवाला, दूधवाला, सगळं आपापल्या जागी थांबायचं. सासूबाईंची घरघर आली की वेदवती एक कळ दाबायची, बाई होती तिथं थिजायची, आणि कूस बदलून परत आल्यावर पुन्हा चालू लागायची. वाट पाहणारं कुणीतरी होतं तिचं. कुणाला हे सांगायचं? सांगितलं तर किती हसले असते. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. दुपारी झोपायला आता मोकळीक होती, तरी ती उंबऱ्यावरच बसायची.

आणि मग या खेपेला गुरुराजानं पेटी उघडली. "वैनी, तुमच्यासाठीच आणलंय," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं, त्याच्या चेहऱ्यावर प्रेम होतं, म्हणून तर तिला नको म्हणता आलं नाही. एक मोठं यंत्र, त्याला वायरीनं जोडलेली हाताळायची कळपट्टी, आणि एक जाडसर काळी डबी. डबीत हातातल्या यंत्रातली खेळाची वडी खोचायची, ती डबी मोठ्या यंत्रात खोचायची, यंत्राची वायर टीव्हीला. "आईचं केलंत तुम्ही, वैनी. डोळे बिघडवून घेतलेत त्या बारक्या काचेत बघून बघून. आता आरामात मोठ्यावर खेळा." तिनं आतून यंत्र आणलं, मागच्या खाचेतून ती वडी काढून दिली. रिकामं यंत्र टेबलावर राहिलं, ते तिनं रात्री परत फळीवर नेऊन ठेवलं. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते: वरदराज, गुरुराजाची बायको, मुलगी, शेजारची सुब्बलक्ष्मी मामी. टीव्हीवर आधी नक्षीची चौकट आली, आणि चौकटीच्या मधोमध तिचं गाव. शेवाळी नव्हे. पाणी निळं, भिंती विटकरी, कंदील पिवळा. हे रंग कुणी दिले? तिचं पाणी काळं होतं. आणि मधोमध तो, वीतभर उंच, चौकोनी तुकड्यांचा. "दाढीवाला आहे की हा!" गुरुराज हसून म्हणाला. "मानेमागं काय ते? गाठोडं." होतंच. दाढी होती, आणि पाठीला गाठोडं बांधलं होतं. ती पाहत राहिली. तीन वर्षं. "काकू, तुम्ही एवढ्या खोलपर्यंत गेलात?" गुरुराजाची मुलगी ओरडली, "कितवा मजला हा!" सगळ्यांनी कौतुक केलं. सुब्बलक्ष्मी मामी तमिळमध्ये म्हणाली, "वेदा, तू तर गुपचूप मोठी खेळाडू निघालीस," आणि वरदराजानं बायकोकडे असं पाहिलं जसं घरात जुनं सोनं सापडावं. तिच्या हातात कळपट्टी होती आणि चार माणसं एकदम सांगत होती, डावीकडे, डावीकडे, अग ती शिडी, ती किल्ली बघ. चुकलं की सगळे हळहळायचे, जमलं की टाळ्या. तिला त्या क्षणी वाटलं की आपण उघड्यावर न्हायला बसलो आहोत आणि लोक साबण कुठं राहिला ते दाखवताहेत.

त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? या घरानं तिच्याकडून काही हिसकावून घेतलं असं कधी झालंच नव्हतं. हे तिला त्या दुपारी, भांड्यावर झाकण ठेवताना, पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. नोकरीचं तसं, सायकलीचं तसं. सायकल पापनाशमहून माहेराहून आलेली, काळी, बायकी दांड्याची. तिच्यावरून ती शाळेत जायची, महामहम तळ्याला वळसा घालून, कधी उगाचच कावेरीच्या पुलापर्यंत. वरदराजाला विमा कंपनीत बढती मिळाली तेव्हा त्यानं स्कूटर घेतली आणि सायकल नाचियारकोविलच्या एका समईवाल्याला देऊन टाकली. त्याच्या मुलीला हवी होती म्हणे. "आता तुज पाय मारायला कशाला लागतंय? म्हणशील तिथं नेतो." आणि खरंच नेलं. म्हणशील तिथं. पण म्हणावं लागायचं. कुठं, कशाला, किती वेळ ते सांगावं लागायचं, आणि उगाच पुलापर्यंत जायचंय असं मागच्या सीटवरून कुणाला सांगतं कुणी? तेव्हाही ती चिडली नव्हती. नवी साडी नेसून स्कूटरवर मागं बसली होती आणि रस्त्यातल्या बायकांनी पाहिलं तेव्हा तिला बरंही वाटलं होतं. त्याचाच आता सगळ्यांत जास्त राग येत होता, त्या बरं वाटण्याचा. माणूस आपल्याला मारत नाही, दारू पीत नाही, आपलं कौतुक करतो, आणि तरी आपण वीस वर्षं रात्रंदिवस कुठल्या तरी खिळ्यावर बसलो आहोत असं का वाटावं. आईला सांगितलं तर ती म्हणाली असती, तुज खुपतंय तरी काय? त्याचं नाव काय हेच तर वेदवतीला माहीत नव्हतं.

पाहुणे गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तिनं दुपारी टीव्हीवर खेळून पाहिलं. बाहेरची खोली थेट रस्त्यावर, दाराला नुसती जाळी. वायर आखूड, म्हणून टीव्हीसमोर खाली बसावं लागायचं, दाराकडे पाठ करून. मागून रस्ता जायचा. केळीची पानं विकणारी थांबून बघायची. सुब्बलक्ष्मी मामी जाळीला नाक लावून पुसायची, "कुठवर आलं?" जणू ते मालिकेचं पुढचं प्रकरण. आणि तो दाढीवाला पडद्यावर इकडून तिकडे हिंडायचा आणि तिला त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. खोल्या त्याच होत्या, शिड्या त्याच. पण आत उतरल्यासारखं वाटतच नव्हतं. भिंतीवर लावलेल्या चित्राकडे बघत बसल्यासारखं. तिनं यंत्र बंद केलं. त्या संध्याकाळी वरदराज आल्यावर तिनं सांगितलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "गुरूस लिहा, ते जुनं मज पाठवून द्या म्हणून. खेळ मी काढून घेईन या डबीतून." तो म्हणाला, "लिहितो की." दहाबारा दिवसांनी पुन्हा सांगितलं. "अग, लिहितो म्हटलं ना. एवढं काय त्यात?" एवढं काय. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. पण रागाला आता रोजची वेळ मिळाली होती. दुपारी एक वाजला की तो येऊन बसायचा, उंबऱ्यावर, उन्हात. ती भांडी घासायची आणि आतल्या आत भाषणं करायची. किती धारदार, किती मुद्देसूद. वाक्यं पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करायची, आणि तो घरी आला, चपला काढल्या, "वेदा, कॉफी," म्हणाला की ती वाक्यं कुठं जायची कोण जाणे. भाताला उकळी आली की झाकण उचलावं लागतं. हात तिकडे जायचा. राग निवायचा, रोज.

वरदराज मात्र त्या यंत्रावर खूश होता. विम्याच्या धंद्यात माणसं घरी आणावी लागतात, बसवावी लागतात, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. शहरात दुसरीकडे कुठं असं यंत्र नव्हतं, निदान तो तसं सांगायचा. "आमची मिसेस खेळते, बघा तर," तो तमिळमध्ये पाहुण्यांना सांगायचा, आणि तिला बोलावणं यायचं. पदर खोचून, हात पुसून ती यायची. एकदा त्याचा मित्र सुंदरेश आला होता, तो म्हणाला, "अहो, यांना तर सर्कशीत पाठवा." सगळे हसले. तीही हसली असावी. तोंडाचे स्नायू काय करत होते याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्या पाण्याच्या खोलीचा विचार करत होती. कारण गंमत अशी की खेळ तिला सुटला नव्हता. यंत्र नसलं तरी स्वयंपाक करताना, देवघर पुसताना, तिच्या डोळ्यांपुढे ती एक खोली यायची जिथं ती गेले कित्येक महिने अडली होती. चारही बाजूंनी भिंत, वर पोहोचता येणार नाही असा एक कट्टा, आणि खालून चढत येणारं पाणी. तिनं सगळं करून पाहिलं होतं. उडी मारून, पळून, कंदील फेकून. प्रत्येक वेळी बुडणं. आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी, बाहुल्यांसाठी पायऱ्या रचताना, हातात लाकडी राजाराणीची जोडी असताना, तिला एकदम कळलं. काहीच करायचं नाही. उडी मारली की माणूस बुडतो. उभं राहायचं. पाणी गळ्याशी येईपर्यंत, नाकाशी येईपर्यंत कळेला हात लावायचा नाही. मग पाणीच उचलतं आणि कट्ट्यावर नेऊन सोडतं. असणारच. दुसरा रस्ताच नव्हता. तिला हसू आलं, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. हे कुणालाही सांगायचं नाही. यंत्र परत आलं की विहिरीपाशी बसून, एकटीनं.

पण सप्तमीच्या संध्याकाळी चंद्रमौली आले. वरदराजाचे वरचे साहेब, तंजावरहून खास आलेले, सोबत त्यांची बायको. कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, समया तेवत होत्या, हरभऱ्याचं सुंडल खाऊन झालं, कुंकू-पान झालं, साहेबांच्या बायकोनं एक श्लोक म्हटला. मग वरदराज म्हणाला, "वेदा, साहेबांस दाखव जरा." तिनं खालच्या आवाजात, घरच्या भाषेत म्हटलं, "आज नको. सणाचं आहे." तो हसत म्हणाला, "अग पाचच मिनिटं." टीव्ही कोलूच्या बाजूलाच सरकवून ठेवला होता. म्हणजे आधीच ठरलं होतं. ती बसली. कळपट्टी हातात घेतली. यंत्रानं तिला नेमकं त्या खोलीत नेऊन उभं केलं, कारण खेळ शेवटचा साठवला होता तो तिथंच. पाणी चढू लागलं. तिला वाटलं होतं, मुद्दाम कुठंतरी पडावं आणि मोकळं व्हावं. पण निळं पाणी त्या माणसाच्या पायाशी आलं आणि तिचा अंगठा आपोआप कळेवरून उचलला गेला. खोलीतले आवाज मागे गेले. ती इथं होती, इतक्या माणसांत, आणि तरी पहिल्यांदाच त्या मोठ्या पडद्यात तिला आत जाता आलं. दाढी असो, गाठोडं असो. पाणी गुडघ्यांशी. "उडी मार, उडी," वरदराज म्हणाला. पाणी कमरेशी. चंद्रमौली पुढे वाकले, "अम्मा, वर कट्टा आहे, उडी मारा!" साहेबांची बायको, सुब्बलक्ष्मी मामी, सगळ्याच सांगू लागल्या. पाणी छातीशी आलं. ती हलली नाही. आता, आता थोडंच राहिलं. "अरे, भ्याली ती," कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं. आणि वरदराज हसत तिच्याजवळ खाली बसला, "दे इकडे, दे," आणि हळूच, अगदी मायेनं, तिच्या बोटांतून कळपट्टी सोडवून घेतली आणि कळ दाबली. माणसानं उडी मारली. बुडाला. चौकट तेवढी राहिली, नक्षीची. सगळे हळहळले, हसले. "परवायिल्ले," वरदराज म्हणाला, काही बिघडलं नाही, आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "पुन्हा कर."

ती उठली. आवाज थरथरला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. घरच्या मराठीत, त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "मज कळलं होतं काय करायचं ते. तुम्ही हिसकावून घेतलंत. ते जुनंही मज न पुसता दिलंत. माझी वस्तू होती ती." खोलीत त्या दोघांखेरीज कुणालाच मराठी येत नव्हती. सगळे हसऱ्या तोंडांनी वरदराजाकडे बघू लागले, आता अर्थ सांगेल म्हणून. आणि वरदराज त्यांच्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाला, "सगळ्यांसाठी कॉफी आणते म्हणतेय."

आयुष्यात तिनं घरातली गोष्ट कधी तमिळमध्ये बोलून दाखवली नव्हती. तमिळ बाजाराची, शाळेची, देवळातली. घरातलं घरच्या भाषेत, ते उंबऱ्याच्या आत राहतं, असं आईनं शिकवलं होतं. पण तिच्या तोंडात तिचं वाक्य बदलून ठेवलं होतं, आणि समोर चंद्रमौलींची बायको म्हणत होती, "कशाला त्रास, अर्धा कपच पुरे." वेदवती तमिळमध्ये म्हणाली, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो आवाज तिला अचानक सापडला, "मी कॉफीचं बोलले नाही. माझी वस्तू मला न विचारता यांनी देऊन टाकली, असं मी म्हणाले. दोनदा परत मागितली. आत्ता माझ्या हातातून खेळ ओढून घेतला. तेही म्हणाले." सुब्बलक्ष्मी मामीनं हातातलं पान खाली ठेवलं. चंद्रमौली घड्याळाकडे बघू लागले. वरदराजाच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं होतं, विसरलेल्या दिव्यासारखं. "काय हे वेदा, लोकांपुढं..." तो मराठीत पुटपुटला. तिनं चपला पायात घातल्या आणि जाळीचं दार उघडलं.

कोपऱ्यावर फोनचं दुकान होतं, काचेची खोली, आत एक पंखा आणि बिल मोजणारे लाल आकडे. गुरुराजाचा नंबर तिला पाठ होता, कारण सासूबाईंच्या आजारात दर आठवड्याला तीच लावायची. काचेबाहेर सणाची गर्दी, नव्या साड्या, देवळाकडे जाणारी माणसं. आत तिनं रिसीव्हर कानाला लावला. "वैनी? काय झालं? अण्णा बरा आहे ना?" "सगळे बरे आहेत. गुरुराज, ते माझं हातातलं यंत्र परत पाठव." पलीकडे तो हसला. "एवढ्यासाठी फोन केलात? वैनी, नवं पाठवतो. आता रंगीतही निघणार म्हणतात." "नवं नको. माझं पाठव." "पोरगी रडेल हो." "रडू दे," वेदवती म्हणाली. बाहेरच्या कुणाला तिची भाषा कळत नव्हती, आणि हे बरं आहे असं तिला वाटलं, इथं ओरडताही येईल. "रडू दे तिला. ती माझी वस्तू आहे. मी सांगितलं नव्हतं द्यायला."

गुरुराजाचा आवाज बदलला. "वैनी, ते... ते नाही आता. विमानातच राहिलं. सीटच्या खिशात. पोरगी झोपली, आम्ही उतरलों, घरी आल्यावर लक्षात आलं. त्याच दिवशी मी अण्णास ऑफिसात फोन करून सांगितलं की. तो तुम्हांस बोलला नाही?"

"काय म्हणाले ते?"

"म्हणाला, परवायिल्ले. तिला आठवणही नाही त्याची. वैनी? ऐकताय?"

ऐकत होती. पंखा गरगरत होता. पहिल्याच दिवशी. ती दोनदा सांगत होती लिहा म्हणून, तो दोनदा लिहितो म्हणत होता, आणि ते यंत्र कधीचं कुठल्या कचऱ्यात गेलं होतं. त्या पोरीलाही ते नको होतं. कुणालाच नको होतं. तिला वाटलं होतं आता रडू येईल. आलं नाही. उलट इतके आठवडे रागाला चिकटून राहिलेली ती लाज, एवढंसं खेळणं, चाळीस वर्षांची बाई, ती कुठं तरी गळून पडली आणि राग एकटाच राहिला, स्वच्छ, उभाच्या उभा. आठवण नाही म्हणाला. माझ्या आठवणीचंही यानंच सांगून टाकलं.

काचेवर टकटक झाली. वरदराज बाहेर उभा होता, सणाचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं दार ओढलं. "चल घरी. साहेब थांबलेत. काय शोभा केलीस." तिनं रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. "गुरू आहे. बोला." तो गोंधळला, पण रिसीव्हर घेतला, आत आला. ती दाराला टेकून बाहेर उभी राहिली, दार पायानं उघडं धरून. "हां गुरू... होय... होय रे." त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. ती त्याचा चेहरा पाहत होती. आता याला कळेल, आता भाऊच कानाशी असताना तरी हा म्हणेल, चुकलं माझं. तो कपाळ पुसत हसला. तेच हसू, पाहुण्यांसाठीचं. "नाही रे, तसं काही नाही. जरा दमलीय सणाच्या कामानं. तू मनास लावून घेऊ नकोस. ती काय, उद्या विसरेल. परवायि..."

वेदवतीनं हात आत घातला आणि फोनच्या खोबणीतली कळ बोटानं दाबून धरली. लाल आकडे थांबले.

तो रिसीव्हर कानाशी तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. दुकानदार, रस्त्यातली दोन माणसंही बघत होती.

"बोलत होतो मी," वरदराज म्हणाला.

तिनं बोट उचललं नाही. "मीही बोलत होते," ती म्हणाली.